माळा नसलेला फोन

नवीन घर बघायला गेले की लोक आधी खिडक्या बघतात, नळ सोडून बघतात, शेजारी कोण राहतं ते विचारतात. मी मान वर करून माळा बघतो. माळा नसेल तर त्या घरात मी चहासुद्धा घेत नाही. आता हा माझा चक्रमपणा आहे असं आमच्या घरातल्या सगळ्यांचं एकमत आहे, पण त्यांना काय कल्पना! पंपाच्या कारखान्याचं स्टोअर सांभाळण्यात माझी उभी हयात गेली. तिथे मी एकच गोष्ट शिकलो, माल वाढतो. तो कमी झाल्याचं मी कधी पाहिलं नाही. त्यामुळे आज जागा आहे का, हे विचारण्यात अर्थ नसतो. उद्या आणखी एक रॅक ठोकता येईल का, हे विचारायचं असतं.

म्हणून फोन घेतानाही मी कॅमेरा किती, बॅटरी किती, असले पोरकट प्रश्न विचारत नसे. "मेमरी कार्ड घालता येतं का?" एवढंच. नखाएवढं ते काळं कार्ड म्हणजे फोनचा माळा. सारखं काढून-घालून माझ्या जुन्या फोनचं मागचं झाकण सैल झालं होतं, त्याला रबरबँड लावावं लागे. पण त्या कार्डात काय नव्हतं ते विचारा! लाइटच्या मीटरचे दर महिन्याचे फोटो होते. लिफ्टवाला लिफ्ट दुरुस्त करतानाचे व्हिडिओ होते, म्हणजे उद्या भांडण झालं तर पुरावा. आणि निवृत्तीच्या आदल्या दिवशी काढलेले माझ्या स्टोअरमधल्या प्रत्येक रॅकचे, प्रत्येक खणाचे फोटो होते. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात. मी वॉशरचे खण दाखवायचो.

तो फोन माझ्या शर्टाच्या खिशात बसून वॉशिंग मशीनमध्ये जाऊन आला. शर्ट स्वच्छ निघाला, फोन कायमचा गेला, कार्ड मात्र ठणठणीत. यावरून तरी जगाने काही शिकायला हवं होतं. पण जगाच्या वतीने आमची कन्या नवा फोन घेऊन आली.

"बाबा, प्रीमियम फोन आहे हा. नीट वापरा."

प्रीमियम हा शब्द मी आजवर विम्याच्या हप्त्यापुरताच ऐकला होता. मी फोन उलटा केला, आडवा केला, उजेडात धरला.

"याचा माळा कुठाय?"

"बाबा, महागड्या फोनना हल्ली कार्ड नसतं. सगळी जागा आतच."

"म्हणजे स्वस्तात जे मिळतं ते महागात मिळत नाही?"

"अहो, स्लिम असतो ना तो. पाणीसुद्धा जात नाही आत."

"पाणी जात नाही आणि मालही जात नाही. मग आत जातं काय?"

"लागणार नाही हो तुम्हाला जास्त जागा," असं म्हणून कन्या आपल्या घरी निघून गेली. बापाला इतकं कमी ओळखणारी मुलगी दुसरी नसेल.

आता खासगीत मी कितीही चरफडलो, तरी साडूपुढे चरफडता येत नाही. माझा साडू, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा, एक जाडजूड फोन वापरतो. त्याला कडेने इन्सुलेशन टेप लावलेली आहे. पहिल्याच दिवशी त्याचा फोन आला, "काय हो, कार्ड घातलंत का नव्या फोनला?"

"छे हो!" मी म्हणालो. "आमच्या फोनला कार्ड लागत नाही. ते तुमच्यासारख्या साध्या फोनना लागतं."

साडूपुढे माणूस जे बोलतो ते शपथेवरचं बोलणं नव्हे, हे सर्वांनी लक्षात ठेवावं. फोन ठेवला आणि मी पुन्हा कडेने चाचपून पाहिलं, कुठे फट आहे का.

कार्डातला माल नव्या फोनमध्ये भरायचा होता. तो कन्येने जाण्यापूर्वी भरला. तो नीट भरला गेला असेल की नाही या काळजीने मी दुकानात जाऊन पुन्हा भरून घेतला. आणि दुकानदाराचं लक्ष टीव्हीवर होतं म्हणून घरी येऊन मी स्वतः तिसऱ्यांदा भरला. स्टोअरचा माणूस स्पेअर ठेवतोच. अशा रीतीने माझ्या प्रीमियम फोनमध्ये एकाच मीटरचे तीन-तीन मीटर झाले, आणि फोन आतून गच्च झाला. पण बाहेरून तो स्लिमच दिसत होता, त्यामुळे मला पत्ता लागला नाही.

इथपर्यंत सगळं माझ्यापुरतं होतं. पण त्याच सुमारास आमच्या सौभाग्यवतीने नाटकात काम केलं.

आमच्या भागातल्या वाचनालयाचं वार्षिक संमेलन होतं. ग्रंथपालांनी एक नाटक लिहिलं, त्यात तीन पात्रं. खाष्ट घरमालकीण म्हणजे आमची ही. भाडेकरू म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. आणि प्लंबर म्हणजे तळमजल्यावरचे डायलटोन काका. हे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल विचारलं, किंवा न विचारलं, तरी सल्ला देतात. प्लंबरला नाटकात एकच वाक्य होतं, "नळ कुठला गळतोय?" तेवढ्यासाठी ते महिनाभर तालमीला येत होते.

हिला लहानपणापासून नाटकाचं वेड. चादरीचा पडदा करून दोघी बहिणी अंगणात नाटकं करायच्या. मोठी ताई शिकवायची आणि ही करायची. पुढे संसारात ते राहूनच गेलं. आता इतक्या वर्षांनी खऱ्या रंगमंचावर उभं राहायची वेळ आली, तर ताई बाथरूममध्ये पाय घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या गावात ती अंथरुणावर. प्रवासाचं नाव नको.

"ताईने बघितलं नाही, तर मी काम केलं काय आणि न केलं काय, मला सारखंच," असं म्हणून हिने डोळ्याला पदर लावला.

मला राहवलं नाही. "रडतेस काय? मी अख्खं नाटक उतरवतो. प्रीमियम फोन आहे आपल्याकडे! ताईंना असं दिसेल, जणू पहिल्या रांगेतच बसल्या आहेत."

तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! मी वाचनालयाच्या समितीलाही सांगून आलो की बाकी कुणाला फोन काढू देऊ नका, उजेडाने नटांचं लक्ष विचलित होतं, अधिकृत चित्रण माझ्याकडे. समितीने तशी पाटीच लावली.

नाटकाच्या दिवशी सकाळी मी सहज तालीम म्हणून कुंडीचं चित्रण करायला गेलो. फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही.

ही आत वाक्यं म्हणत होती, तिला कळू न देता मी जिना उतरून काकांकडे गेलो. अडला हरी, दुसरं काय.

काकांनी आधी क्लाउड सुचवला. क्लाउड म्हणजे आपलं सामान दुसऱ्याच्या माळ्यावर नेऊन टाकायचं. माझ्या तत्त्वात बसत नव्हतं, तरी तयार झालो. तर त्या क्लाउडने मला सांगितलं, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. नऊ चित्रं दाखवली आणि म्हणे ज्यात सिग्नल आहे ती निवडा. एका चित्रात सिग्नलचा नुसता खांब होता. खांब धरायचा की नाही यावर आमचा वाद झाला, काका म्हणाले धरा. धरला. त्यावर मी यंत्र आहे असं ठरलं आणि दार बंद झालं.

"मरू दे तो ढग," काका म्हणाले. "मला एक सांगा, एवढा महागाचा फोन आणि त्याला कार्डाची जागा नाही, असं होईल? असणार. कंपन्या लपवून ठेवतात."

हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी धावत जाऊन वरून जुनं कार्ड आणलं. फोनबरोबर आलेली टाचणी कुठेतरी गेली होती, म्हणून हिच्या डब्यातली सेफ्टी पिनही आणली. कडेच्या भोकात पिन खुपसली, ट्रे बाहेर आला. त्यात फक्त सिम.

"बघा!" काका म्हणाले. "हे सिमचं भोक. आणि इथे खालच्या अंगाला हे दुसरं भोक. तस्संच. ते कशाला दिलंय? फोनला वारा लागावा म्हणून?"

स्टोअरच्या माणसाला हे लगेच पटतं. जिथे कुलूप तिथे खण. खण नसता तर कुलूप कोण कशाला बसवेल? मी पिन घातली. काही होईना.

"दाबा अजून. आमच्या खात्यात आम्ही असे नाजूकपणे वागलो असतो तर एक फोन लागला नसता."

मी जीव खाऊन दाबलं. आत बारीकसं 'टक्' झालं.

"उघडलं!" काका ओरडले. ट्रे काही दिसला नाही, पण त्यांच्या मते तिथे केसभर फट पडली होती. त्यांनी माझं कार्ड घेतलं, फटीला लावलं आणि अंगठ्याने रेटलं. आता जे टक् झालं ते बारीक नव्हतं. कार्डाचे दोन तुकडे त्यांच्या हातात राहिले.

जे मशीनमध्ये धुऊन निघालं, वाळलं, तरलं, ते कार्ड टेलिफोन खात्याच्या अंगठ्याने गेलं. आता माझ्या सगळ्या मालाची जी काही प्रत उरली होती, ती त्या माळा नसलेल्या फोनमध्येच.

मी तिथूनच कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. एक गोड बाई, म्हणजे रेकॉर्ड केलेली बाई, म्हणाली, "आपली अडचण थोडक्यात सांगा."

मी सांगितली.

"माफ करा, आपलं बोलणं ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा."

मी आवाज चढवला. तिला ऐकू आलं नाही. मी जिन्यात जाऊन ओरडलो, "कार्ड! घालायची! जागा! कुठे आहे!" वरून डॉक्टरीणबाई डोकावल्या, समोरच्या इमारतीतून एकाने "काय झालं?" म्हणून विचारलं, पण मदतकेंद्राला काही ऐकू गेलं नाही. शेवटी एक जिवंत मनुष्य आला. "हॅलो? सर? आपण काहीच बोलत नाही आहात. आपला दिवस छान जावो," आणि त्याने फोन ठेवला.

"बहिरे बसवलेत सगळे," काका म्हणाले.

मग साडूचा फोन. तोही आपला हॅलो, हॅलो, हॅलो करत राहिला. मी दहा वेळा "बोला, बोला" म्हणालो, त्याने वैतागून ठेवला आणि हिला फोन केला, "तुमचे अहो माझ्यावर रागावलेत का? फोन उचलतात आणि गप्प बसतात."

"साडूशी असं वागतात का?" ही म्हणाली. तोंडाला निम्मा रंग, डोळे घरमालकिणीचे. मी चार पावलं मागेच सरलो.

"अगं, घसा फुटेस्तोवर ओरडलो मी! त्यांचा तो टेपा लावलेला डबा आहे, त्याला काय ऐकू येणार?"

डोळ्यांवर कातडं ओढून घेणं म्हणतात ते हेच. पण त्या वेळी माझं सगळं लक्ष जागेवर होतं, आवाजावर कुठून असणार?

सभागृहात मी पहिल्या रांगेत मधोमध बसलो. छत्रीच्या दांड्याला जुन्याच रबरबँडने फोन बांधला होता. पहिली घंटा झाली आणि मी फोनमधला माल पुसायला सुरुवात केली. आयुष्यात मी एक नट भंगारात काढला नव्हता, आणि आता एका बोटाने गोदामं रिकामी करत होतो. स्पेअरचे दोन्ही संच गेले. फोनच्या मते तरीही दोन तासांच्या नाटकाला जागा पुरणार नव्हती. दुसऱ्या घंटेला मीटर गेले. बारा महिन्यांचे बारा, अनेक वर्षांचे. तिसऱ्या घंटेला लिफ्ट गेली. आता लिफ्टवाल्याने मला भर चौकात फसवलं तरी माझ्याकडे पुरावा नाही. उरले फक्त माझ्या रॅकचे फोटो. त्यांच्यावर बोट ठेवलं आणि तेवढ्यात फोन म्हणाला, पुरे. पडदा उघडला.

आणि काय सांगू तुम्हाला! मी हिला इतकी वर्षं ओळखतो असं समजत होतो. ती कमरेवर हात ठेवून आली, भाडेकरणीकडे नुसतं पाहिलं, आणि सभागृह हसून लोटपोट. टाळ्यांवर टाळ्या. डॉक्टरीणबाई दोनदा वाक्य विसरल्या, तर हिने आपल्याच वाक्यात त्यांचं वाक्य घालून गाडी पुढे नेली. माझी मान अभिमानाने वर, पण छत्री मात्र हलू दिली नाही. दोन तास हात अवघडून दगड झाला. अख्खं नाटक आलं, शेवटच्या नमस्कारासकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दिवाणखान्यात प्रदर्शन. माझा फोन वायरने टीव्हीला जोडला. हिच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून तो फुलदाणीला टेकवून ठेवला. त्यात उशांना टेकून बसलेली ताई आणि तिच्या शेजारी साडू. डॉक्टरीणबाई आणि काका सोफ्यावर. मी दोन शब्द बोललो, प्रीमियम चित्रणाबद्दल. साडूकडे बघून बोललो. मग सुरू केलं.

चित्र असं की पडद्यावरची सुरकुतीन् सुरकुती मोजावी. ही आली, कमरेवर हात ठेवले, तोंड उघडलं. आवाज नाही.

मी टीव्हीचा आवाज वाढवला. वायर काढून घातली. काकांनी टीव्हीला थाप मारली. मी नाटक पुढे नेलं, मागे आणलं. घरमालकीण तावातावाने मुकी भांडत होती.

"काल दिवसभर तुमचाही आवाज येत नव्हता," फुलदाणीजवळून साडू म्हणाला. शांतपणे म्हणाला, ते जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी फोन हातात घेतला, पर्समधून छोटी टॉर्च काढून खालच्या भोकात पाहिलं, अगदी "आ करा" म्हणाल्यासारखं. "हे माइकचं भोक आहे. आणि कुणीतरी हे आतपर्यंत कोरलंय."

काका एकदम छताकडे बघू लागले. टेबलावर सेफ्टी पिन पडली होती, ती मी हळूच मुठीत घेतली. उशीर झाला होता. हिने पाहिलं.

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिने भांडी आपटली असती तर मला बरं वाटलं असतं. आतून काही आवाज येईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक साधी गोष्ट तिने माझ्याकडे मागितली होती, तीसुद्धा मागितली नव्हती, मीच छाती काढून देऊ केली होती. वर इतरांचे फोनही बंद करून ठेवले होते.

"अगं, गेलीस कुठे?" ताईचा आवाज आला. "मी इथे पाय बांधून बसलेय आणि ही बया आत! इकडे ये बघू."

ही दारात आली. डोळे पुसलेले.

"चित्र दिसतंय ना चांगलं? तोंड हलतंय ना तुझं? मग बोल की तू इथे! चादरीमागून बोलत होतीस ते विसरलीस?"

ही माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग मला म्हणाली, "पहिल्यापासून लावा."

टीव्हीवर घरमालकिणीने तोंड उघडलं आणि इथे, माझ्या शेजारी, हिचा आवाज लागला. शब्द अन् शब्द ओठांवर बसला. डॉक्टरीणबाईही उठल्या, पण पहिल्याच वाक्याला अडखळल्या. हिने लगेच त्यांचंही म्हणून टाकलं, निराळ्या आवाजात.

"अय्या, तुम्हाला माझीही वाक्यं येतात?"

"सगळ्यांची. पाठ आहेत."

काका आपल्या एका वाक्यासाठी दारामागे जाऊन उभे राहिले आणि उत्साहाच्या भरात चार वेळा "नळ कुठला गळतोय?" विचारून गेले. मला दाराच्या घंटेचं काम मिळालं. म्हणजे हिने बोट केलं की "टिंग टाँग" म्हणायचं. दोनदा तिने बोट करण्याआधीच मी म्हणालो, त्यामुळे नाटकात कुणी नसताना घरमालकीण दार उघडायला गेल्यासारखं झालं. ताई इतकी हसली की खुबा दुखतोय, थांबा, थांबा म्हणाली, आणि थांबलो तर म्हणाली, थांबलात कशाला! शेवटचा नमस्कार झाला तेव्हा ती टाळ्या वाजवत होती आणि रडतही होती. "पहिल्या रांगेत बसवलंस गं मला," ती म्हणाली.

साडूने खाकरून घसा साफ केला. "मी सगळं उतरवून घेतलंय माझ्या फोनवर. आवाजासकट. आहे जागा, कार्ड आहे आमच्याकडे. पाठवू का?"

त्याने 'टिंग टाँग'सुद्धा उतरवलं होतं. आता ते त्याच्या माळ्यावर कायमचं राहणार. पण काय करता! "पाठवा," मी म्हणालो.

त्याने पाठवलं आणि फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. आत राहिलं होतं काय, तर मुकं नाटक आणि माझे रॅक. माझं बोट नाटकाकडे गेलं.

"ते नाही हं," ही म्हणाली. "त्यात मी दिसते किती छान!"

खरंच दिसत होती. मी रॅकचे फोटो उघडले, एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले आणि सगळे पुसून टाकले.

"अहो!" ती दचकली. "तुमचं स्टोअर? दुसरी प्रतसुद्धा नाही ना?"

"राहू दे," मी म्हणालो. "पाठ आहे मला."

तिने कमरेवर हात ठेवले. "असं? रॅक तीन, खालचा खण. सांगा काय होतं?"

मी डोळे मिटले. रॅक तीन. खालचा खण. बेअरिंग? नाही. गास्केट? तेही नाही. दिवाणखान्यात सगळे माझ्याकडे बघत होते, फुलदाणीजवळून साडूसुद्धा.

"टिंग टाँग," मी म्हणालो.